चुन्याच्या दगडापलीकडे

"जरा वर. वर म्हनलं की. हितं काय म्हस धुतीया व्हय?"

नाथाजी उशीत तोंड खुपसून पुटपुटत होता. बोलणं उशीशी होतं, पण कमरेवर हात विजयमालाचा होता, तेव्हा ऐकणं तिलाच आलं. तव्यावर तापवलेल्या मिठाची पुरचुंडी तिनं वर सरकवली.

"हितं?"

"आता लय वर झालं."

"आवं, दुखनं एका जागी ठिवा, मंजी मला घावंल."

तो हसला नाही. त्या रविवारपासून तो बायकोच्या कुठल्याच बोलण्यावर हसला नव्हता.

नाथाजी फौजेतून हवालदार होऊन त्र्याण्णव साली पलूसजवळच्या आपल्या गावी परतला. शेवटची काही वर्षं त्याची ड्युटी साहेबलोकांच्या गोल्फच्या मैदानावर होती. गवत कापता कापता आणि साहेबांच्या पिशव्या वाहता वाहता तो स्वतःच खेळायला शिकला. निघताना एका साहेबानं आपल्या जुन्या काठ्या त्याला दिल्या. त्या तो रोज फडक्यानं पुसायचा. विजयमाला म्हणायची, "काठ्यांचं नशीब बघा. माझ्या गुडघ्याला कवा कुनी तेल इचारलं न्हाई."

दर रविवारी गायरानावर गावातले माजी सैनिक गोल्फ खेळायला जमत. नाथाजीचा सगळ्यांत लांब टोला जिथं पडला होता, तिथं मानसिंगनं चुना फासलेला दगड रोवला होता. मानसिंग त्याच्याच पलटणीतला, वयानं धाकटा. त्या दगडापलीकडे कुणाचाच चेंडू जात नसे. खरं तर बाकीच्यांच्या काठीला चेंडू लागला तरी टाळ्या पडत. पुढे साताऱ्याच्या माजी सैनिक मेळाव्यात लांब टोल्याची स्पर्धा ठरली आणि गावानं नाथाजीचं नाव त्याला न विचारताच कळवून टाकलं. तेव्हापासून रस्त्यानं चालताना त्याची छाती जरा पुढे निघायची.

त्या रविवारी विजयमाला गायरानावर भाकरी घेऊन आली. मानसिंगला गंमत सुचली.

"वैनी, मारा की एक!"

"नगं बया. मोडली काठी तर हितंच ऱ्हावं लागंल मला."

"मार, मार," नाथाजी म्हणाला. त्यालाही हसायचंच होतं.

तिनं पदर खोचला. दोन्ही हातांनी काठी धरली, एकदा नुसतीच हवेत फिरवून तिचं वजन पाहिलं आणि मारली. जोर लावल्यासारखं काही दिसलं नाही. चेंडू वर गेला, दगडाच्या डोक्यावरून गेला आणि पलीकडे कोंडिबाच्या वांग्यांत पडला.

कुणी टाळी वाजवली नाही. खेळणाऱ्यांतल्या दादासोनं बिडी पेटवायला घेतली. मानसिंग चेंडू आणायला गेला तो हात हलवत परत आला, "घावला न्हाई. कुठं पडला कुनास ठावं." सगळ्यांनी पाहिलं होतं कुठं पडला ते.

"चुकून लागला आसंल," विजयमालाच म्हणाली आणि भाकरीचं फडकं सोडायला बसली.

त्या दिवसापासून नाथाजी तिला बघू लागला. ती कळशी कशी उचलते, ताक कशी घुसळते. अंगणात ती उभ्यानं तूर बडवू लागली, तर हा पेपर तोंडापुढे धरून पेपराच्या कडेनं बघत राहिला. तिची टाच उचलायची, कंबर वळायची, मग खांदा, आणि सगळ्यांत शेवटी हात. काठी हलकी, करंगळीएवढी. पण खाली येताना सूं करून आवाज व्हायचा. चार झोडपे झाले की ती थांबायची, पाणी प्यायची, पाठ सरळ करायची, पुन्हा उभी राहायची. त्याला तो आळस वाटला. हा फौजेत असताना सारी वर्षं तिनं ती तूर अशीच बडवली होती, आणि तिची पाठ शाबूत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोकडं एवढं टक लावून त्यानं पहिल्यांदा पाहिलं ते हेव्यानं.

पाहिलं सगळं, घेतलं काहीच नाही. त्याचा हिशेब तालमीतला होता: जोर वाढला की टोला वाढतो. त्यानं गावच्या तालमीतला मुद्गल खांद्यावर टाकून आणला. मोठ्या पैलवानांचा, लाकडी, वर लोखंडी पट्टी. थंडीच्या पहाटे अंथरुणातून उठला की तसाच घरामागच्या परड्यात जाऊन तो गरागरा फिरवायचा, काठी फिरवावी तसा, आडवा.

"आवं, आंग तर तापू द्या. आनि लय जड हाय त्ये."

"तू मला शिकवू नगंस!"

एवढ्या मोठ्यानं तो तिच्यावर कधी ओरडला नव्हता. ती आत गेली. त्यानं रागारागानं आणखी जोरात फिरवला. मुद्गल फिरला, कंबर अर्ध्यातच राहिली. ती धावत आली तेव्हा तो पेरूच्या झाडाला धरून उभा होता आणि त्याला ना वाकता येत होतं, ना सरळ होता येत होतं.

शेकून उतार पडेना, तेव्हा मानसिंगनं जीप आणली. दोघांनी त्याला मागं आडवा घातला आणि पलूसला डॉक्टरांकडं नेलं. उसाच्या ट्रॉल्यांनी खड्डे पाडलेल्या रस्त्यावर तो दर खड्ड्याला देवाचं नाव घेत होता.

डॉक्टर तरुण, सांगलीचे. त्यांनी पालथं झोपवून पाय उचलून पाहिले, मणक्यावरून बोटं फिरवली.

"काय करताना झालं?"

"पोतं उचाललं," मानसिंगनं पटकन सांगून टाकलं.

"व्हय, तुरीचं," विजयमाला म्हणाली. नवऱ्याच्या अंगावरची चादर तिनं उगाच नीट केली.

"पोतं उचलताना माणूस खाली वाकतो. हे वळताना लचकलंय, आणि चांगल्या हिसक्यानं. मला खरं कळलं नाही तर हे बरं होईल आणि पुन्हा तसंच होईल. मग कायमचं बसून राहावं लागेल."

मानसिंग भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला. विजयमाला चादरीचं टोक पुन्हा खोचू लागली. नाथाजीनं पालथ्या पालथ्याच मान वळवली, ती तिच्या बाजूला.

"पोतंबितं काय न्हाई, डॉक्टर," तो म्हणाला. "माझी बायको माझ्यापेक्षा लांब टोला मारती. मला त्ये बघवंना."