रिकामी खुंटी

एस निघाला, ई निघाला, एल निम्मा उसवला आणि मिस आर्डिथचा हात थांबला. तिनं घडीतला शर्ट मांडीवर उलगडला. पाठीवर, नावाच्या सुरुवातीला, तो शेपटीवाला क्यू.

हा क्यू तिनं फेब्रुवारीत मुद्दाम नवा कापला होता. एरवी तिच्याकडे अक्षरांना तोटा नाही. बेसबॉल क्लबनं सोडलेल्या खेळाडूंची नावं शर्टांवरून उसवायची, ती अक्षरं बिस्किटांच्या डब्यांत ठेवायची आणि त्यांतूनच पुढच्यांची नावं शिवायची, हे तिचं काम. व्हरांड्यात डब्यांची रांगच आहे. क्यूचा डबा मात्र नव्हता.

आमचं आडनाव क्वार्ल्स.

मी आमच्या लेकीला, बर्डीला, मक्याची लापशी भरवत होते. चमचा तसाच हातात राहिला. दर वसंतात क्लबची निवड चालते, तेव्हा मिस आर्डिथ मागची खोली खेळाडूंना भाड्यानं देते. आम्ही तिथं उतरल्यापासून क्लबमधून येणारं शर्टांचं प्रत्येक बोचकं मी जाळीच्या दाराआडून पाहत आले होते. नेमकं हेच पाहायचं राहिलं. बर्डीला रात्री ताप होता, सकाळी माझा डोळा लागला होता.

"मिस आर्डिथ, ते आमचं आहे."

"दिसतंय मला, नेल. म्हातारी झाले, आंधळी नाही झाले."

"पण तो तर आत्ता शीळ घालत गेला! आज सामना आहे. म्हणाला, आज नक्की मैदानात उतरवतील."

"म्हणजे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर एव्हाना इथं पायरीवर येऊन बसला असता. सगळे आधी पायरीवरच बसतात." तिनं सुटलेला ई बोटांत फिरवला. "रीत अशी की आधी मॅनेजरनं पोराला खोलीत बोलवून सांगायचं, मग शर्ट माझ्याकडे धाडायचा. हा लॉनी मेला उलट करून बसला. संध्याकाळचं बोचकं सकाळीच टाकून गेला. गाडी चालवतो की झोपेत पोहतो, देव जाणे."

गेल्या दोन वसंतांत माझ्या नवऱ्याला, ओरेनला, दोन क्लबांनी सोडलं होतं. दुसऱ्या वेळी तो मोटारीत बसून एकटाच निघाला होता. परतला तेव्हा बुटांवर समुद्राची वाळू होती आणि कुठं होतास, हे विचारायची माझी हिंमत झाली नव्हती. या खेपेला येतानाच म्हणाला होता, "याही वर्षी नाही जमलं ना नेल, तर मग माझं मला माहीत नाही."

"मी फोन करून सांगू का त्याला?" मी विचारलं.

मिस आर्डिथ भिंतीकडे पाहत म्हणाली, "माझा नवरा, वेंडेल, गोलंदाज होता. याच क्लबात. जेवून कपडे बदलायला गेला तर खुंटी रिकामी. शेजारची पोरं बुटांच्या नाड्या बांधत बसली, एकानं मान वर केली नाही. तो मागच्या दारानं जो गेला तो गेलाच. मी इथं कोंबडी तळत बसलेली, पोटात सातवा महिना." तिनं दोरा दातानं तोडला. "काढलं म्हणून नाही गं गेला. काढतातच. खुंटीनं सांगितलं म्हणून गेला. असलं काही माणसानं माणसाला सांगावं."

मग तिनं सुई माझ्यापुढे धरली. "ओव. सामन्याआधी शर्ट त्याच्या खुंटीला हवा, मग सांगू दे त्यांना तोंडानं."

एल पक्का झाला, ई परत बसला, एस परत बसला. टाके जुन्याच भोकांतून गेले. आम्ही तिघी तिच्या खटाऱ्यात बसून मैदानावर गेलो. कपडे बदलायच्या खोलीच्या दाराशी बसलेला म्हातारा रखवालदार तिला पाहून उभाच राहिला.

"मिस आर्डिथ! तुम्ही स्वतः? आज सूर्य कुठं उगवला?"

"टाका सुटला होता. लॉनीकडे दिला तर शर्ट जॉर्जियात पोचायचा. जा, अठ्ठ्याहत्तरच्या खुंटीला लाव. आत्ता, माझ्यासमोर."

तो शर्टाकडे पाहून काहीतरी समजला असावा. टोपी काढून शर्ट हातांवर आडवा घेऊन आत गेला.

इतकी वर्षं नावं शिवली, पण वेंडेल गेल्यापासून ती सामन्याला बसली नव्हती. त्या दिवशी बसली. उकडलेल्या शेंगा घेतल्या, मला सोलून देत राहिली. मी खाल्ल्या की नाही, आठवत नाही.

त्या गावात मार्चमधले सामने म्हणजे हिशेबात न धरलेले सामने. पाचव्या डावानंतर नावाजलेले खेळाडू अंघोळ करून आपापल्या मोटारी काढतात, निम्मे प्रेक्षकही उठतात, आणि मग सत्तरीच्या पुढचे आकडे, म्हणजे जागा पक्की नसलेली पोरं, मैदानात उतरतात. ओरेन सातव्या डावात उतरला. उजव्या कुंपणाशी गेला, वळून आम्हाला शोधलं आणि टोपी उचलली. बर्डी ओरडली, "पप्पा!" आकड्यांत तिला एवढेच दोन ओळखू यायचे, सात आणि आठ, तेही पप्पाच्या पाठीवर.

त्यानं कुंपणाला टेकून एक झेल घेतला. माझ्या मागचा म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "पोरगं बरं आहे रे. कोण हा?" मला वळून त्याला ओरडून सांगावंसं वाटलं. नंतर ओरेनची बॅटिंग आली. चेंडू उंच गेला, खूप उंच, आणि कुंपणाच्या अलीकडे कुणीतरी तो आरामात पकडला. झेलबाद झाल्याचं दिसत होतं, तरी ओरेन शेवटपर्यंत पळाला.

सामना संपला. जाळीपाशी एका प्रशिक्षकानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं आत निघाले. क्यूपासून एसपर्यंत सगळं नाव दारातून आत गेलं.

"आता सांगतील," मिस आर्डिथ म्हणाली. "रडायचं तर इथंच रडून घे, पोरी. घरी त्याचा नंबर आहे."

संध्याकाळी तो पायरीवर येऊन बसला. मी शेजारी बसले. समोरच्या तळ्याकाठी सारस चरत होते.

"तुला कधी कळलं?" त्यानं विचारलं.

"सकाळी."

मोटारीची किल्ली त्याच्या हातातच होती, आणि माझं सगळं लक्ष त्या किल्लीवर. तो म्हणाला, "बरं झालं बोलली नाहीस. नाहीतर तो झेल मी घेतला नसता."

तेवढ्यात लॉनी बोचकं घेऊन आला, ओरेनला पाहून ते फाटकाशीच ठेवून परत फिरला. ओरेननं ते आणलं, व्हरांड्यात बसून शर्ट गुडघ्यावर पसरला. "मिस आर्डिथ, उसवणी द्या. मी काढतो."

"सांभाळून हं. कापड फाटलं तर क्लब माझ्या नावानं शंख करेल." आणि तिनं आपला दिवा त्याच्याकडे सरकवला.

त्यानं सगळं नाव स्वतः काढलं. अक्षरं ज्याच्या त्याच्या डब्यात गेली. क्यूला डबा नव्हता. तो मिस आर्डिथनं खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

सकाळी आम्ही निघालो. मागच्या दोरीवर धुतलेला शर्ट वाळत होता. मी जवळ जाऊन पाहिलं, सुईची भोकंसुद्धा पाण्यानं बुजली होती. आकडा मात्र तसाच होता. तो पुढच्या कुणाला तरी लागणार. वाऱ्यानं शर्ट पाठीसारखा फुगला.

"पप्पा!" बर्डी माझ्या कडेवरून ओरडली आणि हात हलवायला लागली.

मागं ओरेन मोटारीत सामान भरत होता. त्यानं हातातली बॅग खाली ठेवली. "तो नव्हे गं," तो म्हणाला, "मी इकडं आहे."

बर्डीनं वळून त्याच्याकडे पाहिलं, मग पुन्हा दोरीकडे पाहिलं, आणि शर्टालाच हात हलवत राहिली.