थंडीतली ईद आणि इन्साफचं यंत्र

इन्साफचं यंत्र बंद पडलं ते ईद तोंडावर आली असताना, आणि तेही इमारतीतल्या बायका पिठाच्या पराती घेऊन जिन्यात उभ्या असताना. बटण दाबलं की आतून नुसती गुरगुर यायची, दांडा जागचा हलायचा नाही. बायका आपापल्या पराती झाकून परत गेल्या.

कर्मूझ मोहल्ल्यातल्या त्या इमारतीत खिमा करायची यंत्रं आणखीही होती, पण तोंडाला बिस्कुटांचा आकार देणारी पट्टी लावून परातभर पीठ एका दमात ओढणारं हे एकच. इन्साफच्या नवऱ्याने बोटीवरच्या नोकरीत कुठल्याशा बंदरातून आणलेलं, हिरवं, लोखंडी, उचलायला दोघं लागणारं. नवरा गेला, मुलगा शौकी कर्ता झाला, स्वयंपाकघर सुनेच्या हाती गेलं. वर्षभर इन्साफला कोणी काही विचारत नसे. रमजानच्या शेवटी मात्र सगळी इमारत तिच्या दारात, आणि कुणाचं पीठ आधी, कुणाचं नंतर, हे ठरवणार ती. हा मान तिला जिवापाड प्यारा होता, आणि ती ते लपवतही नसे.

सून नशवाला ते यंत्र म्हणजे ओट्यावर ठाण मांडून बसलेला पाहुणा वाटे.

"आई, मागच्या ईदला कबूल केलं होतंत. अडलं तर कुरनीला देऊन टाकू."

कुरनी म्हणजे 'रोबाबिक्या' अशी आरोळी देत गल्लीतून हातगाडी फिरवणारा भंगारवाला.

"केलं होतं. शब्द फिरवणारी बाई नाही मी," इन्साफ म्हणाली. "पण तो यायच्या आत सुरू झालं, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"तो उद्या दुपारी येतोय."

"येऊ दे. गल्ली काय माझ्या बापाची आहे?"

तोंडाने असं म्हणाली खरी, पण लगेच तिने पंखे दुरुस्त करणाऱ्या उस्ताद बयूमीला बोलावलं. त्याने वायर तपासली, यंत्राला कान लावला आणि हात टेकले. इन्साफला तो, सगळ्या गल्लीसारखाच, 'उम्म शौकी' म्हणजे शौकीची आई म्हणे.

"मोटर गेली, उम्म शौकी. तीन वर्षं कण्हतेय म्हणता. आता म्हातारीला निरोप द्या."

"म्हातारी कुणाला म्हणतोस रे?"

"यंत्राला, यंत्राला."

दुसऱ्या दिवशी समुद्राकडून बोचरा वारा सुटला होता. यंत्र असो नसो, कहक, म्हणजे ईदची हाताने वळायची गोड बिस्कुटं, तर करायलाच हवे होते. त्यांच्या मैद्यात ओतायला तूप कडवायचं म्हणून इन्साफने डबा उघडला आणि चमचा घातला. चमचा तुपात ताठ उभा राहिला. ती त्याच्याकडे बघत बसली, आणि एकदम तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

दर ईदनंतर यंत्राच्या आतल्या चाकांच्या दात्यांना तेल दे, असं नवरा सांगून गेला होता. पण ईदच्या पिठाशेजारी ते काळं तेल तिच्या मनाला पटेना. म्हणून ती गुपचूप तूप घालायची, तेही गावाकडचं, चांगलं. तेव्हा ईद उन्हाळ्यात यायची आणि तूप पाण्यासारखं वाहायचं. पण ईद दरवर्षी थोडी थोडी अलीकडे सरकते. सरकत सरकत ती उन्हाळ्यातून निघून ऐन जानेवारीत येऊन ठेपली होती. यंत्र म्हातारं झालं नव्हतं, ते गोठलं होतं.

"नशवा, ओव्हन पेटव."

"कहक अजून वळले कुठेत?"

"कहक नाही, यंत्र शेकायचंय."

सासू-सुनेने मिळून ते धूड ओव्हनच्या उघड्या दारापाशी स्टुलावर ठेवलं. थोड्या वेळाने सांध्यातून पिवळा ओघळ सुटला आणि रोज्याच्या रिकाम्या पोटावर तुपाचा खमंग वास आला. नशवाने कमरेवर हात ठेवले.

"गावचं तूप? यंत्राला? आणि माझ्या भाताला चमचा मोजून?"

"यंत्राने मला कधी उलट उत्तर दिलं नाही."

नशवाला हसू आवरेना. तिने झाकण उघडून दाते लख्ख पुसले आणि आपल्या शिलाई मशीनच्या तेलाची बाटली आणली. इन्साफचा चेहरा बघून म्हणाली, "अहो, पीठ पुढच्या नळीतून जातं, दात्यांना लागतं कुठे? इतकी वर्षं उगाच तूप घातलंत."

इन्साफने बिस्मिल्ला म्हणून बटण दाबलं. यंत्र एकदा कण्हलं, अडखळलं, आणि मग असं घुमू लागलं की ओट्यावरची भांडी वाजली. इन्साफला इतका आनंद झाला की तिने दार उघडून जिन्यात हाकच मारली, "आणा गं पराती!" बायका आल्या. त्यांच्यामागे बायकोची परात डोक्यावर घेऊन उस्ताद बयूमीही आला.

"मोटर गेली ना रे? मग हे पीठ कोण ओढणार?"

"चुकलो, उम्म शौकी."

"रांगेत शेवटी उभा राहा."

दुपारी खाली 'रोबाबिक्या' ऐकू आलं. इन्साफने सज्ज्यातून दोरीची टोपली सोडली. कुरनीने आत डोकावलं. टोपलीत गरम बिस्कुटांची पुडी होती.

"यंत्र कुठंय?"

"कामात आहे. ही रोजा सुटल्यावर खा. आणि असलंच हिरवं यंत्र कुठे भंगारात दिसलं तर माझ्याकडे आण. सुटे भाग लागतील."

तो मान डोलावून गाडी ढकलणार, तोच नशवा सासूच्या खांद्यावरून वाकली. तिचे हात कोपरापर्यंत पिठाने माखले होते.

"आणि आमच्याआधी दुसऱ्या कुणाला विकलंस, तर या गल्लीत पाऊल टाकू नकोस."