डब्यातली हाक

मी एक म्हातारी फळखाऊ कबुतरी आहे. रस्त्यावर दाणे टिपत हिंडणाऱ्या कबुतरांशी माझी सोयरीक जोडू नका, मित्रांनो. आमची पाठ हिरवीगार, डोक्यावर गुलाबी टोपी, आणि पिकलं फळ आम्ही अख्खं गिळतो. मी शाळा पाहिली नाही, पण कुठल्या झाडाला कधी फळ धरतं हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

माझा जन्म प्रशांत महासागरातल्या एका अमेरिकन बेटावरचा. शेजारच्या बेटावर बोटींतून साप उतरले आणि तिथलं रान मुकं झालं. आमचं तसं होऊ नये म्हणून माणसांनी दोन हजार दोन साली आमच्यातले काही जण जाळ्यात धरले आणि अमेरिकेतल्या नेपरव्हिल शहराजवळच्या पक्षिगृहात आणले. माझा जोडीदार मागेच राहिला. इथे काचेबाहेर बर्फ पडायचा.

इथे मला दुसरा नर मिळाला. गरीब स्वभावाचा, निमूट काड्या आणायचा. आम्ही एका वेळी एकच अंडं घालतो. पहिलं मीच गारठवलं. आम्हाला करमावं म्हणून आमचा सांभाळ करणारी शरयू एका डब्यातून आमच्या रानातले आवाज लावायची. त्यात एक घुमणं माझ्या जोडीदाराचं होतं. त्याची हाक आली की मी अंडं सोडून डब्यापाशी जाई, ओ देई. माझं ऐकायला तो कधी थांबला नाही.

दुसऱ्या अंड्याच्या वेळी शरयूची आई, शुभाबाई, नागपूरहून आली होती. दोन दिवस ती नुसती बघत राहिली.

"हिला कुणीतरी बोलावतंय," ती म्हणाली. "बंद कर ते."

"आई, ओळखीचा आवाज ऐकून ते रिलॅक्स होतात."

"सासरी आलेल्या पोरीला दिवसभर माहेरचा फोन आला, तर ती संसार करील कधी?"

"तू करायचीसच की रोज."

"म्हणून तर सांगते."

शरयू हसली. "रेकॉर्डिंग जुनं आहे गं. आमची टीम गेल्या महिन्यात तिथे जाऊन आली. हे भरलं त्या रानात आता यांच्यातला एकही बोलत नाही."

तिने बटण दाबलं. मला कळायचं ते कळलं. बराच वेळ मी त्या मुक्या डब्याशी बसून होते. मग घरट्यात गेले. अंडं अजून कोमट होतं.

पिल्लू झालं, मुलगी, आणि तगलंही. ते घुमतं तेव्हा मी मान वळवून ऐकते. सूर त्याच्या बापाचाच आहे. दुसऱ्या कुणाचा कुठून असणार?

मित्रांनो, आमचे आवाज तुम्ही भरून ठेवलेत, उपकार झाले. पण आवाज फळ गिळत नाही, त्याच्या पोटातून बी पडून झाड उगवत नाही. रान राखा. बोट लागली की लाकडांच्या बुडाशी, दोरखंडांच्या वेटोळ्यात साप नाही ना, आधी नीट बघा. दोन वर्षं मी एका मेलेल्याला ओ देत होते. ती वेळ माझ्या लेकीवर आणू नका.