खुंटीवरचा बिडाचा तवा

सकाळचा उजेड या स्वयंपाकघरात घाईने येत नाही. आधी तो खिडकीच्या गजांवर थांबतो, मग नळाच्या वाकलेल्या मानेवर, मग ओट्यावर सांडून राहिलेल्या मिठाच्या कणांवर. आणि बऱ्याच वेळाने, जणू परवानगी मागत, भिंतीवरच्या खुंटीशी येतो. त्या खुंटीला मी टांगलेला असतो. पूर्वी मी त्याची वाट पाहत असे. हल्ली तो जवळ आला की माझा थरकाप होतो. उजेडात सगळे दिसते.

मित्रांनो, मी बिडाचा तवा आहे, दांड्याचा, जड आणि आता जुना. वितळलेले लोखंड वाळूच्या साच्यात ओतून मला घडवले. दुकानात मला निवडताना या घरातल्या आईने बोटाच्या पेराने माझ्यावर टकटक केले आणि मी घंटेसारखा वाजलो. त्या दिवसापासून गॅसवर चढवण्याआधी ती मला रोज वाजवून पाहत असे. तिची लेक चिडवायची, "आई, दार उघडणारे का तो?"

"उघडतो ना. 'बरा आहे' म्हणतो, मगच गॅस लावायचा."

माझा मानाचा दिवस म्हणजे तेरियाकी या जपानी धाटणीच्या स्टेकचा. सोया सॉस, साखर, आले आणि लसूण यांत रात्रभर मुरलेले मांसाचे जाड काप आई फडक्याने कोरडे टिपून घेई, मला धूर येईपर्यंत तापवी आणि सॉस अगदी शेवटी घाली. कापांवर तकाकी चढे. पाहुणे म्हणत, "ही सगळी तव्याची करामत!" मी मनातून फुगून जाई.

मग आई आजारी पडली आणि दवाखान्यात गेली. लेकीने एकटीनेच स्टेकचा घाट घातला. काप न टिपता, सॉसने निथळत असतानाच तिने माझ्यावर टाकले. साखर करपली, घर धुराने कोंदले. घाबरून तिने मला तसाच नळाखाली धरले. चर्रर्र झाले. त्या आवाजाच्या पोटात आणखी एक आवाज होता, अगदी बारीक. तिने तो ऐकला नाही.

मी ऐकला. अंग आकसले असेल, असे मी स्वतःला समजावले. काळ्या थराखाली एक रेघ ठणकत होती. तिला मी ओरखडा म्हणू लागलो. भंगाराच्या ढिगाचे भय मला उजेडाकडे पाठ फिरवायला शिकवत होते.

आज आई घरी आली. भिंत धरत चालत ती शेगडीजवळच्या स्टुलावर बसली.

"या वेळी काप टिपून घेतलेत हं," लेक म्हणाली. "हसू नकोस."

"हसत नाही गं. तेल ओतताना जरा लांब उभी राहा."

लेकीने मला गॅसवर ठेवले. ज्योत पोटाला लागली आणि ती रेघ हळूहळू तोंड उघडू लागली. लेकीने तेलाची बाटली उचलली. तेल झिरपून खाली ज्योतीत गेले तर? तिचा हात माझ्यावर होता, आई शेगडीला लागून बसलेली. मला ओरडायचे होते. पण आपल्याला फेकून देतील, हेही मनात आले. त्या क्षणी मला माझेच भय वाटले.

"थांब," आई म्हणाली. "वाजवलंस का त्याला?"

"आई, पुन्हा तुझं ते दार!"

"वाजव. चमच्याने वाजव, तापलाय तो."

बद्द.

"पुन्हा."

बद्द. लेकीने झटकन गॅस बंद केला. आईने तिचा हात ओढून घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

मित्रांनो, तापलेल्या भांड्यावर कधी गार पाणी ओतू नका. आणि ज्याच्यावर रोज विसंबता, त्याला अधूनमधून वाजवून पाहत जा. तो आपणहून सांगेलच असे नाही.

लेकीने फडक्यात धरून मला खिडकीशी नेले. उजेडाची एक बारीक रेघ माझ्यातून पार होऊन तिच्या मनगटावर पडली.

मला तडा गेला होता.