हशाची खुर्ची

चष्म्याच्या दुकानातल्या मावशी हसायला लागल्या की समोरचा औषधवाला कारण न विचारता हसायचा. त्यांचं हसू आधी खांद्यांत यायचं, मग पोटात उतरायचं आणि तोंडावाटे बाहेर पडेपर्यंत लपवायला जागाच उरायची नाही. शाळेत या हसण्यापायी त्या कितीदा तरी वर्गाबाहेर उभ्या राहिल्या होत्या. लग्नानंतर सासूबाईंनी सुरुवातीला नाक मुरडलं, पुढे त्याच शेजारणींना सांगू लागल्या की आमच्या सुनेला एखादी गंमत सांगून बघा. पण या हसण्याचं कोणी सोनं करील, असं मात्र कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. ते एका नाटकमंडळीने केलं.

ही मंडळी फक्त नवी नाटकं करायची. नवी म्हणजे ज्यांचा लेखक धडधाकट जिवंत आहे, तालमीला येऊन मागे नखं खात बसतो आणि चार वाक्यं काढायला सांगितली की घरातलं कोणी गेल्यासारखा चेहरा करतो, अशी. जुन्या नाटकात हशा कुठे येतो ते खुर्च्यांनाही पाठ असतं. नव्यात मात्र पडदा उघडेपर्यंत सगळाच अंधार. लोक हसतील, गप्प बसतील की उठून बाहेर जातील, हे खुद्द लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसतं. मंडळीच्या दिग्दर्शकाने यावर तोड काढली होती. एकदा चष्म्याचा नंबर काढायला आला असताना त्याने मावशींचं हसणं ऐकलं आणि त्यांना थेट तालमीचं आमंत्रण देऊन टाकलं. तेव्हापासून रिवाजच पडला. नाटक बसत आलं की एका संध्याकाळी हॉलच्या मधोमध मावशींची खुर्ची मांडायची, आणि दिग्दर्शकाने नाटकाकडे पाठ करून मावशींकडे बघत बसायचं. त्या हसतील ते ठेवायचं, हसायच्या जागी हसल्या नाहीत तर कात्री. मावशींना मत कोणी विचारत नसे, आणि त्यांनीही कधी दिलं नव्हतं. डॉक्टर काय थर्मामीटरला विचारतो, की बाबा रे, तुला काय वाटतं?

पण त्या खुर्चीवर मावशींचा जीव होता. दिवसभर दुकानाच्या आतल्या अंधाऱ्या खोलीत त्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत बसायच्या. हे बरं दिसतंय की आधीचं? आता? खालची ओळ वाचा. भिंतीवरच्या अक्षरांची गोष्ट रोज तीच असायची आणि तिचा शेवटही त्यांना ठाऊक होता. तालमीच्या हॉलमध्ये मात्र रोजच्यासारखीच बोलणारी माणसं समोर यायची आणि पुढच्या मिनिटाला काय करतील याचा पत्ता लागायचा नाही. घरी येऊन मावशी ते नाटक नवऱ्याला पहिल्यापासून सांगायच्या. काका, म्हणजे मावशींचे यजमान, दुसऱ्या प्रवेशाला घोरायला लागायचे. नाटक ही गोष्ट मऊ खुर्चीत झोपण्यासाठी काढलेली आहे, असं त्यांचं जुनं मत होतं.

या वेळचा लेखक अगदी कोवळा होता. दिवसा तो एका बँकेच्या तक्रार विभागात फोन उचलायचा, आणि उरलेल्या वेळात त्याने हे पहिलंच नाटक लिहिलं होतं. बायको गेलेला एक बाप आणि त्याची मुलगी, एवढाच पसारा. त्यात एक प्रसंग होता. बापाचा चष्मा फुटतो आणि पेपर वाचायला तो बायकोचा चष्मा डोळ्यांवर चढवतो. नंबर जवळपास जुळतो. पेपरावरून नजर वर जाते तर फळीवर ही धूळ. चष्मा काढतो, धूळ नाही. घालतो, आहे. मग फडकं घेऊन पुसत सुटतो आणि मधेच थांबून म्हणतो, "एवढं सगळं तुला दिसत होतं होय."

मावशी खुर्चीत बसून बघत होत्या आणि त्यांना हसू येत नव्हतं. कुठेच नाही. कंटाळा आला होता म्हणाल तर तसंही नव्हतं. उलट त्या इतक्या कान देऊन ऐकत होत्या की हसायचं काम आपल्याकडे आहे हेच विसरल्या होत्या. आठवण झाली ती दिग्दर्शकाचा चेहरा दिसला तेव्हा. तो लांबत लांबत हनुवटीच्या खाली गेला होता. हे नाटक उभं राहत नसेल तर दुसरं हाती घेऊ, असं त्याने आधीच सर्वांना बजावलं होतं. मागे लेखक बसला होता, आणि आपलं नाटक आपल्या डोळ्यांदेखत बुडतंय हे त्याला कळत होतं. पोर हातपाय गाळून बसलंय आणि आपण दगडासारख्या ढिम्म! तेवढ्यात बापाने फडकं उचललं आणि मावशी हसल्या. खांदे हलवून, अगदी साग्रसंगीत. दिग्दर्शकाचा चेहरा उजळला. लेखकाने नखं खाणं थांबवलं. घरी जाताना मावशींना वाटत होतं की आज आपण एक पुण्य पदरात पाडून घेतलं.

पुढच्या आठवड्यात मंडळीचा निरोप आला की त्या प्रसंगासाठी बायकी घाटाची एखादी जुनी फ्रेम द्या. मावशी ती घेऊन स्वतःच हॉलवर गेल्या. तालीम चालू होती. बाप बनलेल्या नटाने चष्मा नाकाच्या शेंड्यावर उलटा लावला होता. त्याने फळीवर फुंकर मारली, सात-आठ शिंका दिल्या, एकदा पाय घसरून पडला आणि उठून मुलीचं डोकं फडक्याने पुसायला लागला. मंडळी खो खो हसत होती. मावशी हसल्या तिथेच खरी खाण आहे, ती आणखी खणा, असं दिग्दर्शकाने सांगितलं होतं म्हणे. "एवढं सगळं तुला दिसत होतं होय" हे वाक्य शिंकांमध्ये कुठे वाहून गेलं ते कळलंसुद्धा नाही. लेखकही हसत होता, पण बुटात खडा घेऊन चालणाऱ्या माणसाचं ते हसणं होतं. मावशींना बघताच तो उठला आणि म्हणाला की तुमच्यामुळे नाटक तरलं. मावशींनी फ्रेम त्याच्या हातात ठेवली आणि दुकानात कोणी खोळंबलंय असं सांगून निघाल्या.

घरी त्यांनी सगळा प्रकार काकांना सांगितला. काका मोज्यांच्या जोड्या लावत होते. त्यांना यात काळजी करण्यासारखं काही दिसेना.

"खोटं हसायला काय जातं?" ते म्हणाले. "तुझ्या भावाच्या विनोदांना मी लग्न झाल्यापासून हसतोय."

"म्हणून तर तो अजून तेच विनोद सांगतो," मावशी म्हणाल्या.

बोलून गेल्या आणि ते वाक्य त्यांच्यावरच उलटलं. दुकानातही अशी गिऱ्हाइकं यायची. खालची ओळ दिसत नसायची, पण नाही कसं म्हणायचं म्हणून 'दिसतंय, दिसतंय' करायची, आणि मग महिनाभराने डोकं दुखतंय म्हणून भांडायला यायची. अशा माणसांचा मावशींना मनापासून राग यायचा. आता स्वतःच तेच करून बसल्या होत्या, आणि डोकेदुखी मात्र त्या पोराच्या गळ्यात पडणार होती. गप्प राहिलं तर खुर्ची राहते आणि तो प्रसंग मरतो. सांगितलं तर प्रसंग कदाचित वाचेल, पण मग आपल्या हसण्याला कोण विचारणार? काकांनी सगळे मोजे लावून ठेवले, तरी एक उरला होताच. मावशींची रात्र या कुशीवरून त्या कुशीवर गेली.

दुसऱ्या दिवशी दुकान काकांवर टाकून त्या हॉलवर गेल्या. बिचाऱ्या नटाने नुकताच चष्मा उलटा लावला होता.

"त्या दिवशी मी हसले ना, ते खोटं होतं," मावशींनी सरळ सांगून टाकलं.

दिग्दर्शकाला आधी ती थट्टा वाटली. म्हणजे काय, असं त्याने विचारलं.

"म्हणजे हसू आलं नव्हतं. आणलं. यांचा चेहरा मला बघवेना."

लेखक कानापर्यंत लाल झाला. दिग्दर्शकाने विचारलं की मग आजवरच्या नाटकांचं काय, तेही आणलेलंच होतं का? मावशींनी शपथेवर सांगितलं की ते सगळं खरं होतं. ते आता आम्ही कसं ओळखायचं, असं तो म्हणाला. प्रश्न वाजवी होता.

"ते मला नाही सांगता येणार," त्या म्हणाल्या. "पण तो प्रसंग यांनी लिहिलाय तसा करा. मी हसले नाही, कारण मी ऐकत होते."

इतक्या वर्षांत त्या हॉलमध्ये मावशींनी दिलेलं हे पहिलं मत. दिग्दर्शक रागावला असता तर बरं झालं असतं. तो रागावला नाही. त्याने नीट आभार मानले, अजून मधोमधच राहिलेली ती खुर्ची स्वतः उचलली आणि भिंतीशी नेऊन ठेवली. लेखक जिन्यापर्यंत पोचवायला आला. दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या त्या पोराने अंधाऱ्या जिन्याचा दिवा तेवढा लावून दिला. मावशी रस्त्यावर आल्या तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. खुर्ची गेल्याचं दुःख झालं होतं, आणि ते झालं नाही असं स्वतःला सांगण्याइतक्या त्या ढोंगी नव्हत्या.

पहिल्या प्रयोगाचं आमंत्रण आलं नाही. मावशींनी तिकीट काढलं. एकटी गेलीस आणि कोणी ओळख दाखवली नाही तर तोंड एवढंसं करून परत येशील, असं म्हणत काकांनी आपलंही काढायला लावलं. झोप काय, तिथेही लागेलच.

दोघं मागच्या रांगेत बसली. पहिला अंक संपत आला आणि बापाने चष्मा चढवला, सुलटा. शिंका नाहीत, घसरणं नाही. सगळ्या थिएटरात कोणी खुर्चीत हललं तरी ऐकू येत होतं. त्याने फळी पुसली, घड्याळ पुसलं, खिडकीची कड पुसली. मग थांबला.

"एवढं सगळं तुला दिसत होतं होय."

पुढे आणखी एक वाक्य होतं. तालमीत तो ते त्याच दमात उरकून टाकायचा. आज त्याने वेळ घेतला. हातातल्या फडक्याकडे बघितलं, स्वतःच्या मळक्या बाह्यांकडे बघितलं, पोटाकडे बघितलं.

"म्हणजे मीपण."

मावशींच्या खांद्यांत काहीतरी हललं. पोटात उतरलं. त्यांनी ओठ घट्ट मिटले, पण ते हसू कधी कोणाचं ऐकणारं नव्हतंच. ते त्या शांततेत मोठ्याने बाहेर पडलं आणि त्याच्याबरोबर डोळ्यांतून पाणीही. पुढच्या रांगेतला कोणी तरी हसला, मग त्याच्या शेजारची, मग सगळं थिएटर हसलं आणि लगेच पुन्हा चिडीचूप झालं. नट जागचा हलला नाही. दाराशी उभा असलेला दिग्दर्शक तेवढा मान वळवून अंधारात मागच्या रांगेकडे बघत राहिला.

मध्यंतराचे दिवे लागले तसा तो रांगेतून वाट काढत आला. मागून लेखकही आला. मावशी डोळे पुसत होत्या. या वेळीही हसू नेमकं त्याच प्रसंगात आलं होतं, आणि आता हे कोणाला पटणार, या विचाराने त्या कानकोंड्या झाल्या होत्या.

"मावशी," दिग्दर्शकाने विचारलं, "आत्ताचं कुठलं होतं?"

मावशी काही बोलणार तोच काकांनी आपली बाही वर केली. कोपराच्या वर चार बोटांच्या लाल खुणा उमटल्या होत्या.

"हे बघा," काका म्हणाले. "खोटं हसायला हिला आधार लागत नाही. खरं हसू आलं की माझा हात धरते. मी जेवत असलो तरी घास सांडतो."

मावशींनी त्या खुणांकडे बघितलं. एवढ्या वर्षांच्या संसारात हे त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं. खुणा ताज्या होत्या, म्हणजे काका जागे होते, हेही त्यांच्या सावकाश लक्षात आलं. लेखक त्या हाताकडे असा बघत होता जणू पेपरात त्याच्या नाटकाचं परीक्षण छापून आलंय.

दिग्दर्शकाने थोडा विचार केला आणि पुढच्या नाटकाच्या तालमीला दोघांनीही यावं असं सांगितलं. दोन खुर्च्या मांडू.

"मला नाटकात झोप लागते," काका म्हणाले.

"खुशाल झोपा," दिग्दर्शक म्हणाला. "हात तेवढा मावशींच्या बाजूला ठेवा."

दुसऱ्या अंकाची घंटा झाली. काकांनी बाही खाली केली आणि मावशींना म्हणाले की तू आता या बाजूला बस, तो हात दुखतोय.