मागं तोंड असलेला बाजा

आमच्या घरात भांडण झालं की ते मिटवायला माझ्याकडे येतं. मी तृप्ती. परतूरच्या बाजारगल्लीत माझं शिलाईचं दुकान आहे आणि वडिलांच्या बँडचे कपडे मीच शिवते. तोंडानं फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. आबा आणि माझा धाकटा भाऊ हरिओम एकमेकांशी बोलेनासे झाले की मी दोघांनाही समोर बसवते, आधी मीच दोघांना झापते, आणि मग दोघं मिळून माझ्यावर चिडतात. झालं, मिटलं. आजवर हा उपाय कधी फसला नव्हता.

आबा म्हणजे भुजंग मास्तर. पन्नासेक वर्षं वरातीपुढे ट्रंपेट वाजवत आलेत. हरी बारा वर्षांचा असल्यापासून त्यांच्या शेजारी चालायचा. पुढे तो सैन्याच्या बँडमध्ये भरती झाला आणि तिथल्या उस्तादांनी त्याच्या हातात फ्रेंच हॉर्न दिला. आमच्याकडे असला बाजा कुणी पाहिलेला नव्हता. पितळी नळीची मोठी जिलबी, आणि भोंगा मागं, वाजवणाऱ्याच्या पाठीकडे. वाजवताना उजवा हात त्या भोंग्याच्या आत घालायचा. तो हात आत जरा मिटला की आवाज लांबच्या डोंगरापलीकडून आल्यासारखा वाटतो, उघडला की जवळ येतो. उस्तादांचे हात थकले तेव्हा त्यांनी स्वतःचा हॉर्न हरीला दिला. नोकरी सोडून हरी मुंबईला गेला, मोठ्या ऑर्केस्ट्रात लागेल तसा वाजवू लागला. पियानो, व्हायोलिनं, काळे कोट, आणि पुढे खुर्च्यांवर गप्प बसून ऐकणारी माणसं.

तिथंच त्याला क्युबाच्या नाचाच्या संगीताचं वेड लागलं. सिम्फनीतली हॉर्नची संथ, लांबलचक धून वर ठेवायची आणि खाली क्युबाचा नाचरा ठेका चालवायचा, असं काहीतरी त्याच्या डोक्यात बसलं. मुंबईच्या वादकांना ठेका यायचा, पण कागदावरचा. म्हणून तो घरी आला. आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये सगळ्यांना बसवून त्यानं टाळ्या वाजवून दाखवल्या. आधी तीन, मग दोन.

आबांनी खुळखुळा उचलला आणि दुसऱ्या फेरीपासून बरोबर धरला.

"हे तर आपलंच हाय की रे," ते म्हणाले. "जुन्या सिनेमाच्या गाण्यावर आम्ही हेच वाजवत आलो. फक्त नाव म्हाईत न्हवतं."

"आबा, तुम्ही पन्नास वर्षं क्युबाचं वाजवून राह्यलात," हरी हसत म्हणाला.

मग त्यानं वरून ती धून धरली. मी दारात मापाची टेप गळ्यात घालून उभी होते. त्या शेडमध्ये लोकांनी आजवर फक्त नाचायचं वाजवलं होतं. तो आवाज आला आणि मला आमची गेलेली आई आठवली, का ते सांगता येत नाही. रडू आलं आणि पाय मात्र खाली ठेका धरत होते. आबांनी डोळे मिटले होते. त्या वेळी मला भावाचा इतका अभिमान वाटला, की मी त्याला म्हटलं, "बरं वाजवतोस." माझ्याकडून एवढंच निघतं.

त्यांनी ते रेकॉर्ड करून पाठवलं. क्युबाची एक बाई नाचाचा मोठा वाद्यवृंद चालवते, ती दसऱ्यानंतर मुंबईला येणार होती. इथला एक हॉर्नवाला तिला वर्षभरासाठी हवानाला न्यायचा होता. तिनं ते ऐकून हरीला मुंबईत वाजवून दाखवायला बोलावलं, आणि सोबत आबांसकट बँडच्या पाच जणांनाही. हरीला तर आयुष्याचं दार उघडल्यासारखं झालं. आणि आबा पहिल्यांदा बसलेल्या माणसांपुढे वाजवणार होते. मी हिरव्या कापडाचे नवे कोट बेतले. आबा रोज दुकानात येऊन बाह्या बघायचे.

नवरात्रात अंबडला देवीच्या मिरवणुकीचं काम होतं. हरी म्हणाला, तिथंच एकदा वाजवून बघू. वाजवलं. पण रस्ता तो रस्ता. गर्दी पुढं, हरीचा भोंगा मागं, आणि मागं जनरेटरची गाडी. कापडवाले बजरंगलालजी ओळखीचे, थट्टेखोर माणूस. ते म्हणाले, "मास्तर, छोरा उभा राहतो आमच्यापुढं, न् गाणं सुनवतो जनरेटरला!" सगळे हसले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. आबा मात्र हसले नाहीत.

परतताना टेम्पोत त्यांनी विचारलं, "हरी, ह्याचं तोंड पुढं असतं तर?"

"मंग त्ये हॉर्नच न्हाई राहत, आबा," हरी पेंगत म्हणाला.

एवढंच बोलणं झालं. हरीला वाटलं, सांगून झालं. आबांना वाटलं, पोरगं मनातलं सांगायला लाजतंय.

आता हेही सांगायला हवं की बँडवाल्यांत बाजाचं तोंड फिरवणं ही काही नवलाची गोष्ट नाही. जुना बाजा विकत घेतला, त्याचा भोंगा वर आकाशाकडे असला, की कारभारी नावाचा आमचा तांबट तो तापवतो, वाकवतो, झाळून पुढे करतो. रस्त्यावर आवाज पुढं गेला तर बाजा, नाहीतर पितळेची घागर. आमच्या बँडमधले दोन मोठे बाजे त्यानंच फिरवलेत आणि आजही ठणठणीत वाजतात. आबांनी जे केलं ते कुठल्याही बँडमास्तरनं केलं असतं. हे मी आता म्हणू शकते. तेव्हा म्हणू शकत नव्हते.

खंडेनवमीला आमच्याकडे बाजांची पूजा असते. त्या दिवशी सगळे बाजे पाटावर मांडतात, हळदीकुंकू, झेंडूची फुलं, आणि दिवसभर कुणी तोंडाला लावत नाही. दसऱ्याला सकाळी मास्तर ज्याला मान देईल तो पहिली फुंकर मारतो. नवमीच्या आदल्या दिवशी हरी काँगो, म्हणजे क्युबाचे उभे ढोल, आणायला जालन्याला गेला. हॉर्न एरवी उशाशी घेऊन झोपणारा माणूस, पण पूजेसाठी म्हणून घरी ठेवून गेला. स्वतःच्या घरी ठेवायला कसली भीती?

नवमीला तो परत आला तेव्हा आबांनी पाटावर कापड झाकून ठेवलं होतं. त्यांनी ते सणासारखं दूर केलं. मधोमध हरीचा हॉर्न होता. झगझगीत उजळलेला, आणि भोंगा पुढं.

"कारभारीनं रातदिस एक केला," आबा म्हणाले. "आता मुंबईत शेवटच्या खुर्चीपर्यंत जातंय बघ. आता कुणी काय बोलायचं काम न्हाई."

हरी खाली बसला. बाजाला हात जोडले. बराच वेळ त्याचं डोकं पाटावर टेकलेलं होतं. आबांना वाटलं, पोरगं भरून पावलं.

दुपारी तो माझ्या दुकानात आला आणि कोटांच्या ढिगावर बसला.

"ताई, गेलं सगळं."

"मंजे? परत फिरवता येतंय ना?"

"नळ्या तापून मऊ पडल्यात. एकीला चीर गेलीय. आन् माझा हात पोचतच न्हाई आता. हात न्हाई तर सूर न्हाई." नवा घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून मुंबईच्या दोघा हॉर्नवाल्यांना उसना मागायला त्यानं फोन केले होते. एक परदेशात होता. दुसरा म्हणाला, वाद्य म्हणजे दात घासायचा ब्रश, तो कुणी देतं का?

मी कात्री आपटून उठले. आबांना असं काही सुनवणार होते, की त्यांना जन्मभर आठवलं असतं. हरीनं माझं मनगट धरलं.

"न्हाई ताई. तुला माझी शप्पथ. सकाळपासून ते लेकरागत खूश हायेत. तू एक शब्द बोलायचा न्हाई."

"मंग तू बोल! तुझा संसार बुडालाय!"

"मी काय बोलू? त्यांनी माझ्यासाठीच केलंय."

त्या दिवशी बाजा तोंडाला लावायचा नव्हता, म्हणून आबांचा तो पूर्ण दिवस आनंदात गेला. येईल त्याला ते हॉर्न दाखवत होते. मी पुरणाच्या पोळ्या लाटल्या. माझी जीभ मी त्या दिवशी कशी आवरली, माझी मला माहीत.

दसऱ्याला सकाळी बँडची सगळी माणसं जमली. आबांनी मान हरीला दिला. "मार फुंकर. तीच धून."

हरीनं हॉर्न उचलला. उजव्या हाताला जायला जागाच नव्हती, तो नुसता बाजूला लोंबत राहिला. पहिला सूर निघाला. मोठा निघाला, खरंच मोठा, पण फाटका आणि चढलेला. दुसरा त्याहून वाईट. हरीनं थांबून ओठ पुसले, हसला आणि म्हणाला, "झकास झालंय आबा. लांब जाऊन राह्यलाय आवाज."

कोणी मान डोलावली, कोणी खाली बघितलं. आबा हरीकडे बघत होते. त्या माणसाला अक्षर नीट वाचता येत नाही, पण वरातीच्या गोंगाटात कोणाचा बाजा पाव सूर उतरलाय हे ते मागं न बघता सांगतात. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला, आणि मला वाटलं, देवा, ह्यांना आत्ता बहिरं कर.

"माझ्याशी खोटं बोललास," आबा म्हणाले. "सुराच्या बाबतीत, माझ्याशी."

"मंग काय बोलू, आबा?"

आबा मागे वळले. चपला न घालता ते बाहेर गेले. आपट्याची पानं घेऊन आलेली माणसं दारात उभी होती, त्यांच्या मधून गेले. संध्याकाळी परतले ते कारभारीच्या दुकानातून. त्याला विचारायला गेले होते, पूर्वीसारखं होईल का. तो बिचारा डोकं धरून बसला म्हणे.

मुंबईला कुणीच गेलं नाही. त्या बाईनं दुसरा माणूस निवडला. हरी आता पुण्यात एका शाळेत मुलांना बासरी शिकवतो. हॉर्न त्यानं सोबत नेला नाही, विकलाही नाही. आबा कामाला जातात, ट्रंपेट वाजवतात, ठेका देतात, पण तो तीन-दोनचा ठेका त्यांनी बँडमध्ये बंद केलाय. वाढलं तेवढं जेवतात, उठतात.

दर रविवारी हरीचा फोन माझ्याकडे येतो. "आबा काय करून राह्यले?" असं विचारतो. इकडे आबा विचारतात, "जेवतो का बराबर?" दोघांच्याही मनात एकमेकांविषयी राग नाही. असता तर मी मिटवला असता. परवा मी आबांना दुकानात बसवलं, फोनचा आवाज मोठा केला आणि दोघांच्या मध्ये ठेवला.

"हरी, आबा समोर बसलेत," मी म्हटलं. "आता भांडा. त्यांना म्हण, का हात लावला माझ्या बाजाला. आबा, तुम्ही म्हणा, का खोटं बोललास. काय बोलायचं ते बोला, पण भांडा!"

फोनमधून हरीचा श्वास ऐकू येत होता. आबा पुढे वाकून तो ऐकत होते, कानामागे हात धरून. मग त्यांनी फोनच्या काचेवरून बोट फिरवलं, हळूच, लहान मुलाच्या गालावरून फिरवावं तसं.

दोघांपैकी कोणीही फोन ठेवला नाही. मी मशीनवर डोकं ठेवून मोठ्यानं रडले.