फर्मिनच्या डाव्या हातातली काठी

मी एक जुनी गळाची काठी आहे. मित्रांनो, जुनी म्हटलं म्हणून लगेच मोडकी समजू नका हं! फर्मिन अमेरिकेतल्या नेवाडाच्या माळावर मेंढ्या राखायला नवा नवा आला, तेव्हा त्याने मला गावातल्या दुकानातून आणलं आणि मुठीवर स्वतःच्या हाताने कातड्याची पट्टी गुंडाळली.

चाळीस वर्षं आमचा नेम चुकला नाही. नोव्हेंबर सरत आला, की धरणावर बर्फ धरण्याआधीचा आठवडा आमचा. त्या दिवसांत ट्राउट मासे अगदी काठाशी येतात. चहूकडे करडी झुडपं, उघडा माळ, आणि आम्ही दोघं. लोक म्हणायचे, "फर्मिनचा गळ पडला, की मासा आपणहून येतो." मी फुगून जायचे. खोटं कशाला बोलू?

यंदा मार्चमध्ये फर्मिनला अर्धांगाचा झटका आला आणि त्याचा उजवा हात लुळा पडला. त्याने मला गॅरेजातल्या खुंटीवर टांगायला लावलं. "संपलं ते. देऊन टाक कुणाला तरी," तो बायकोला, मारीला, म्हणाला. मला फार वाईट वाटलं. पण मारीला माझी नव्हे, त्याची काळजी. तो खुर्चीतून उठेनासाच झाला होता.

नोव्हेंबरच्या अखेरीस एका सकाळी मारीने मला खुंटीवरून काढलं, फर्मिनला पिकअपमध्ये बसवलं आणि धरण गाठलं. तो काही केल्या खाली उतरेना.

"तूच धर मासे. मी इथनं बघतो."

"बघ. पण हसलास तर याद राख!"

बिचारीने जन्मात कधी गळ टाकला नव्हता. तिसऱ्या फेकीला ओला दोरा माझ्या कड्यांमध्ये गोठला. अशा वेळी शेंडा पाण्यात बुडवायचा असतो, कारण पाणी हवेपेक्षा ऊबदार असतं. तिला काय ठाऊक! तिने मला खडकावर आपटलं. बर्फ तसाच राहिला आणि शेंड्याची कडी तुटली. मी कळवळले.

धाडकन पिकअपचं दार उघडलं.

"अगं ए! काठी आहे ती, धुणं नाही! जीव घेशील तिचा!"

घसरत, धडपडत फर्मिन काठाशी आला.

"मग तूच दाखव ना!" मारीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

त्याने डाव्या हाताने मला हिसकावून घेतलं आणि शेंडा पाण्यात धरला. बर्फ विरघळला. मग त्याने गळ फेकला. कसली फेक! जेमतेम दहा फुटांवर पडला. पण ट्राउट तिथेच होता, आणि मला जोराची ओढ बसली.

"रीळ फिरव, मारी! मला एकच हात आहे!"

"कुठल्या बाजूला?"

"उलटं नको गं बाई! गाडीपण अश्शीच चालवतेस!"

जाळी पिकअपमध्येच राहिली होती. मारीने त्याच्या डोक्यावरची लोकरी टोपी ओढली आणि मासा टोपीत घेतला.

"माझी टोपी!" फर्मिन हसायला लागला. आठ महिन्यांत पहिल्यांदा. हसता हसता तो रडलाही. मारी तशीच त्याला टेकून उभी राहिली.

मित्रांनो, माझी ती कडी अजून तुटकीच आहे. दोरा खालच्या कडीतून जातो, आणि बर्फ धरेपर्यंत मी रोज धरणावर जाते. आम्हा काठ्यांना पुसा, तेल लावा, आपटू नका. पण जपायचं म्हणून खुंटीला टांगून ठेवू नका. एक हात कमी पडत असेल, तर दुसऱ्याचा मागून घ्या, पण आम्हाला पाण्यावर न्या.